ऑनलाइन खेळांवरील कादंबऱ्या आणि ख्रिस्ती युगान्ताची पुस्तके : एकत्र वाचावीत का, आणि कोणत्या क्रमाने?

अक्षरयात्री

नमस्कार मंडळी,

आमच्या ठाण्यातील वाचनगटापुढे येत्या वर्षासाठी दोन विषय आले आहेत. तरुण सदस्यांना ऑनलाइन खेळांच्या जगात घडणाऱ्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत, तर दोन ज्येष्ठ सदस्यांना ख्रिस्ती धर्मातील युगान्ताच्या कल्पनांवरील पुस्तके हवी आहेत. मतदान घेऊन एक विषय बाद करण्यापेक्षा दोन्ही एकत्र वाचावेत, असे मी सुचवले आहे. त्यामागचा विचार येथे मांडतो.

अर्नेस्ट क्लाइन यांच्या २०११ च्या 'रेडी प्लेयर वन' या कादंबरीत 'ओएसिस' नावाच्या आभासी जगाचा निर्माता जेम्स हॅलिडे मरताना आपली सारी मालमत्ता एका कोड्यामागे ठेवून जातो. तीन किल्ल्या, तीन दरवाजे आणि शेवटी बक्षीस अशी त्याची रचना आहे. त्याने मागे ठेवलेले टिपण शोधक मंडळी अक्षरशः मुखोद्गत करतात आणि त्याच्या ओळीओळीचा अर्थ लावत बसतात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या, टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या 'लेफ्ट बिहाइंड' या सोळा कादंबऱ्यांच्या मालिकेतील पात्रेही हेच करतात. त्यांच्या हाती असते ते बायबलमधील अखेरचे पुस्तक, म्हणजे योहानाला झालेले प्रकटीकरण. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या : पुढे काय होणार हे लिहून ठेवलेले आहे, आणि ज्याला ते वाचता येते तोच तरतो. दोन्हीकडे जग हा एक मजकूर आहे आणि नायक हा त्याचा नीट वाचणारा वाचक आहे. वाचनगटाला याहून जवळचा विषय कोणता असणार?

माझ्या मनातली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्यांना हा मजकूर वाचता येत नाही, किंवा ज्यांच्या हाती तो पडतच नाही, त्यांचे या पुस्तकांत काय होते? मला वाटते की दोन्ही प्रकारच्या पुस्तकांना हाच प्रश्न विचारत वाचले पाहिजे.

आपले मत हवे आहे. ही जोडी ओढूनताणून जुळवलेली वाटते का? आणि सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

रात्रपाळी

अक्षरयात्री, जोडी योग्यच आहे. पण तुम्ही कादंबऱ्यांपासून सुरुवात केल्यामुळे एक महत्त्वाची बाब सुटली. ऑनलाइन खेळांची जगे खरोखर संपतात. ज्या दिवशी कंपनी सर्व्हर बंद करते, त्या दिवशी तेथील डोंगर, बाजार, घरे आणि मैत्रीच्या जागा एकाच वेळी नाहीशा होतात. 'सिटी ऑफ हीरोज' हे जग ३० नोव्हेंबर २०१२ रोजी असेच बंद झाले. शेवटच्या रात्री माणसे तेथे एकमेकांचा निरोप घ्यायला जमतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला युगान्ताच्या कथा परक्या वाटत नाहीत.

या बाबतीत 'फायनल फँटसी फोर्टीन'चे उदाहरण सर्वांत विलक्षण आहे. २०१० मध्ये आलेला हा खेळ इतका फसला की नव्याने सूत्रे हाती घेतलेल्या नाओकी योशिदा यांनी तो मोडून पुन्हा बांधायचे ठरवले. मात्र जुने जग गुपचूप बंद न करता त्यांनी त्याचा शेवट कथेतच लिहिला. आकाशात दालामुद नावाचा तांबडा चंद्र दिसू लागला आणि आठवड्यागणिक तो मोठा होत गेला. मी त्या वेळी ओसाका येथे शिकत होतो. वर्गातून परत आल्यावर खेळ सुरू करायचा आणि प्रथम मान वर करून तो चंद्र किती जवळ आला हे पाहायचे, असा आम्हा मित्रांचा परिपाठ झाला होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले. त्यानंतर दाखवलेल्या चित्रफितीत तो चंद्र फुटतो, त्यातून बहामुत नावाचा प्रचंड ड्रॅगन बाहेर पडतो आणि सारा प्रदेश जळून जातो. ऑगस्ट २०१३ मध्ये खेळ नव्या रूपात परतला तेव्हा कथेत पाच वर्षे लोटलेली होती. जुन्या वीरांची आठवण लोकांना होती, परंतु त्यांचे चेहरे आणि नावे कोणालाच नीट आठवत नव्हती.

नवे आकाश आणि नवी पृथ्वी ही प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातील कल्पना मला त्या दिवशी प्रथम मनापासून कळली. माझे मत असे की गटातील ज्यांनी खेळ खेळलेले नाहीत, त्यांना आधी ही चित्रफीत दाखवावी आणि मग पुस्तकांकडे वळावे.

दुर्वा

रात्रपाळी, तुमचे वर्णन वाचून मला ख्रिस्ती कल्पनेपेक्षा आपल्या युगचक्राची आठवण झाली. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावर बसून योद्धा येतो, आणि आपल्याकडेही कल्की पांढऱ्या घोड्यावरूनच येणार आहे. मात्र कल्कीनंतर पुन्हा कृतयुग सुरू होते आणि चाक फिरतच राहते, तर ख्रिस्ती कल्पनेत शेवट एकदाच होतो. बंद पडून पुन्हा उघडणारा खेळ या दोहोंपैकी पहिल्या प्रकारात बसतो. हा फरक गटासमोर ठेवावा.

वसईकर

मी कॅथलिक आहे आणि या विषयावर बरेच वाचले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अक्षरयात्री, 'लेफ्ट बिहाइंड'मधील युगान्त हा सर्व ख्रिस्ती लोकांचा युगान्त नव्हे, ही बाब गटात पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हायला हवी. त्या मालिकेच्या आरंभी जगभरातील श्रद्धावान एका क्षणात अदृश्य होतात. रेफर्ड स्टील हा वैमानिक शिकागोहून लंडनकडे निघालेले विमान चालवत असतो, आणि मागे आसनांवर माणसांच्या जागी फक्त कपडे, चष्मे आणि बूट उरतात. हे दृश्य परिणामकारक आहे यात शंका नाही. पण ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या आधी, वेगळ्याने आणि गुप्तपणे मंडळी, म्हणजे श्रद्धावानांचा समुदाय, स्वर्गात उचलली जाईल, ही 'रॅप्चर'ची मांडणी मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी या धर्मप्रवचनकाराने एकोणिसाव्या शतकात, १८३० च्या सुमारास आणि त्यानंतर, पसरवली. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह बायबलमुळे ती अमेरिकेत घरोघरी पोहोचली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लुथरन परंपरांत ही शिकवण नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने तर, इतिहासाच्या आतच ख्रिस्ताचे ऐहिक राज्य अवतरेल अशी अपेक्षा सौम्य स्वरूपातही नाकारली आहे.

आम्हीही ख्रिस्ताच्या पुनरागमनावर विश्वास ठेवतो. दर रविवारी श्रद्धासूत्रात ते म्हणतो. परंतु वर्तमानपत्रातील बातम्या आणि बायबलमधील वचने शेजारी ठेवून तारीख काढणे हा आमच्या श्रद्धेचा भाग नाही. अमेरिकन प्रवचनकार विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्त येईल म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा खर्च केला. त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असे मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात खुद्द येशूच सांगतो, आणि तरीही हे घडत राहते याचे मला दुःख होते.

कॅथलिक लेखकाने लिहिलेली युगान्ताची कादंबरी हवी असल्यास रॉबर्ट ह्यू बेन्सन यांची १९०७ ची 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' वाचावी. त्यात विमानातून कोणी नाहीसे होत नाही. जग सुखी, शांत आणि सुव्यवस्थित होत जाते आणि त्या व्यवस्थेत देवाला जागा उरत नाही. पोप फ्रान्सिस यांनी तिची शिफारस केली होती. मूळ प्रकटीकरण मराठीत वाचायचे असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' घ्यावे.

आडवाट

अतिशय माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवत आहे.

टेक्सासवासी

वसईकर यांनी सांगितलेला इतिहास योग्यच आहे, पण 'लेफ्ट बिहाइंड'च्या वाचकांविषयी येथे कोणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून लिहिते.

आम्ही येथे राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजींनी मला या मालिकेचा पहिला भाग वाचायला दिला. मी हिंदू आहे हे त्यांना ठाऊक होते. आपल्या आवडत्या माणसाने मागे राहू नये, या काळजीपोटी त्यांनी तो दिला होता, आणि ती काळजी मला खरी वाटली. मी पुस्तक वाचले, त्यांच्याशी त्यावर बोलले, आणि आमचा स्नेह वाढला. पुढे एमी जॉन्सन फ्रिकहोम यांचे २००४ चे 'रॅप्चर कल्चर' हे पुस्तक हाती आले. फ्रिकहोम यांनी या मालिकेच्या प्रत्यक्ष वाचकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. ही पुस्तके आईकडून मुलीकडे, बहिणीकडून भावाकडे, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जातात. ती वाचणाऱ्यांमध्ये न मानणारेही असतात, आणि मानणाऱ्यांमध्येही शंका घेणारे असतात, असे त्यांत दिसते. या मालिकेच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. इतक्या वाचकांना एकाच साच्यात बसवणे अन्यायाचे आहे.

पुस्तकातील दोषाविषयी मात्र माझे मत ठाम आहे. मागे राहिलेल्यांपैकी जे नायकाच्या बाजूला येत नाहीत, त्यांचे दुःख लेखकांना दिसत नाही. भूकंप होतात, शहरे उद्ध्वस्त होतात, आणि मुख्य पात्रे मात्र कोणते भाकीत पूर्ण झाले याची चर्चा करीत फोनवर बोलत राहतात. ज्यू लोक तर केवळ भाकिताचा काटा पुढे सरकवण्यासाठी कथेत येतात. लुथरन अभ्यासक बार्बरा रॉसिंग यांनी 'द रॅप्चर एक्स्पोज्ड'मध्ये या दृष्टीवर कठोर आणि योग्य टीका केली आहे. अक्षरयात्री, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ज्यांना मजकूर वाचता येत नाही, ते या कादंबऱ्यांत देखाव्याचा भाग होऊन जातात.

ग्रंथपाल

मूळ प्रश्न क्रमाचा आहे, म्हणून सांगतो : आधी मूळ ग्रंथ वाचावा. प्रकटीकरणाचे बावीस अध्याय दोन बैठकींत सहज वाचून होतात.

तो ग्रंथ कोड्यासारखा वाचण्याची ओढ समजण्याजोगी आहे, कारण त्यात खरोखरच एक कोडे घातलेले आहे. तेराव्या अध्यायात श्वापदाची, म्हणजे छळ करणाऱ्या सत्तेच्या प्रतीकाची, संख्या ६६६ दिली आहे आणि ज्याला बुद्धी आहे त्याने ती मोजावी, असे लिहिले आहे. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य असते, आणि रोमन सम्राट नेरोचे नाव 'नेरोन कैसर' असे ग्रीक वळणाने मांडून बेरीज केली की ६६६ येते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ ही संख्या आढळते. लॅटिन वळणाने शेवटचा न-कार गाळून नेरोचे नाव लिहिले तर बेरीज नेमकी तेवढीच होते. बहुसंख्य अभ्यासक हाच अर्थ ग्राह्य धरतात. म्हणजे हे कोडे पहिल्या शतकातील वाचकांसाठी होते आणि ते त्यांना सुटत होते. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना उद्देशून लिहिलेला हा मजकूर आहे. रोमन सत्तेखाली जगणारी ती लहान लहान मंडळे होती.

या ग्रंथाविषयी ख्रिस्ती परंपरेतही अवघडलेपण राहिले आहे. धर्मसुधारक मार्टिन लुथर यांनी १५२२ च्या प्रस्तावनेत त्याविषयी स्पष्ट नाराजी नोंदवली, आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत आजही त्याचे वाचन होत नाही. अमेरिकेत तो कसा वाचला गेला हे समजण्यासाठी पॉल बॉयर यांचे १९९२ चे 'व्हेन टाइम शॅल बी नो मोअर' हे पुस्तक पुरेसे आहे. बायबलमधील भाकिते चालू घडामोडींशी जोडणारे हॅल लिंडसी यांचे १९७० चे 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' ज्यांना वाचायचे असेल त्यांनी बॉयर यांच्या सोबतीने वाचावे.

नगरची_लेक

यादीत नील स्टीफन्सन यांची १९९२ ची 'स्नो क्रॅश' असायलाच हवी, कारण या धाग्याचे दोन्ही विषय तिच्या एकटीत आहेत. 'मेटाव्हर्स' हे नाव तिथूनच आले. त्या आभासी जगात एक विषाणू पसरतो, आणि तो संगणकाबरोबर माणसाचा मेंदूही बिघडवतो. स्टीफन्सन त्याचा धागा सुमेरी पुराणकथांशी, बाबेलच्या मनोऱ्याशी आणि पेन्टेकॉस्टल ख्रिस्ती पंथांच्या उपासनेत भाविक भावावेशात अनोळखी भाषांत बोलतात त्याच्याशी जोडतात.

कादंबरीची गती आणि कल्पकता मला आवडली; पण या शेवटच्या जोडणीने मी दुखावले गेले. आमच्या घराण्यातील एक पणजी केडगावच्या मुक्ती सदनात वाढली. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या त्या आश्रमात जे धार्मिक जागरण झाले, त्यात दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा रात्रंदिवस मोठ्याने प्रार्थना करीत होत्या. पेन्टेकॉस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात त्या घटनेला मानाचे स्थान आहे. ज्यांना समाजाने बोलूच दिले नव्हते, त्यांना तेथे आवाज मिळाला. त्याच मुलींनी पुढे रमाबाईंच्या मराठी बायबलाची छपाई केली. स्टीफन्सन यांच्या कादंबरीत अशी उपासना करणारे लोक म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाने चालणारी, मन हरवलेली माणसे आहेत. त्या माणसांच्या आतून कथा कधीच दिसत नाही. टेक्सासवासी यांनी जे 'लेफ्ट बिहाइंड'विषयी लिहिले, तेच मी या धर्मनिरपेक्ष आणि बुद्धिमान कादंबरीविषयी लिहीन.

खाडीपलीकडे

वरील सर्व प्रतिसाद वाचले. अक्षरयात्री यांच्या दुसऱ्या प्रश्नाला मला एका वेगळ्या वाटेने भिडायचे आहे.

कोरी डॉक्टरो यांची २०१० ची 'फॉर द विन' ही कादंबरी येथे कोणीच काढली नाही. तिचा मोठा भाग धारावीत घडतो. माला नावाची मुलगी तेथे मुलामुलींची तुकडी चालवते, आणि त्यांचे काम असते पैसे घेऊन ऑनलाइन खेळात लढणे. चीनमधील कारखानेवजा खोल्यांत तरुण मुले दिवसरात्र खेळून खेळातले सोने गोळा करतात आणि श्रीमंत देशांतील खेळाडू ते खऱ्या पैशाने विकत घेतात. मालाच्या तुकडीला अशाच कष्टकरी खेळाडूंना हुसकावून लावण्यासाठी वापरले जाते. पुढे ही सारी मुले सीमा ओलांडून संघटना बांधतात. कादंबरीत अर्थशास्त्रावरचे पाठ जरा लांबतात, पण खेळातील चमचमत्या जगामागे कोणाची पाठ वाकते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही. लेखकाने ती इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिली आहे.

आता प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय काढा. बाबेल नगरी कोसळली आहे. बाबेल म्हणजे रोम. तिचा माल आता कोणी विकत घेणार नाही म्हणून व्यापारी रडत आहेत, आणि लेखक त्या मालाची यादी देतो. सोने, रुपे, हिरेमाणके, मोती. तलम तागाचे कापड, जांभळे वस्त्र, रेशीम, किरमिजी वस्त्र. सुगंधी लाकूड, हस्तिदंत, पितळ, लोखंड, संगमरवर. दालचिनी, धूप, ऊद. द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू. गुरे, मेंढरे, घोडे, रथ. आणि यादीच्या अगदी शेवटी येतात गुलाम, म्हणजे माणसांचे जीव. लेखकाने ही नोंद तळाशी ठेवली आहे, कारण त्या बाजारात माणसाची किंमत तेवढीच होती. ज्याने ही यादी लिहिली त्याने बंदरावर माल उतरताना पाहिलेला असणार, असे मला वाचताना सारखे वाटत राहते.

सहाव्या अध्यायात काळ्या घोड्याचा स्वार तराजू घेऊन येतो आणि आकाशवाणी होते : एका दिनाराला शेरभर गहू, दिनाराला तीन शेर जव, आणि तेलाला व द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नकोस. दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. दिवसभर राबून एका माणसाच्या पोटापुरते गहू मिळणार आणि श्रीमंतांच्या ताटातले काही कमी होणार नाही. तेराव्या अध्यायात श्वापदाची खूण नसलेल्याला खरेदी-विक्री करता येत नाही.

हा ग्रंथ मजकूर न वाचता आलेल्यांविरुद्ध लिहिलेला नाही. तो त्यांच्या बाजूने लिहिलेला आहे. पुढच्या काळातील सत्तावान देशांतील वाचकांनी तो आपल्या विजयाचे वेळापत्रक म्हणून वाचायला घेतला, तेव्हा त्यातून ही माणसे गळाली. म्हणून 'फॉर द विन' आणि अठरावा अध्याय एकाच बैठकीत वाचावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

रात्रपाळी

खाडीपलीकडे, तुमचा प्रतिसाद वाचून 'रेडी प्लेयर वन'मधील एक प्रसंग नव्याने आठवला. नायक वेड वॉट्स मुद्दाम कर्जबाजारी होऊन, शत्रू असलेल्या बलाढ्य कंपनीचा वेठबिगार म्हणून तिच्या इमारतीत शिरतो. तेथे कर्ज न फेडू शकलेली असंख्य माणसे कोंडलेली असतात, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देत असतात. त्यांचे कर्ज कधीच फिटणार नाही, अशी व्यवस्था केलेली असते. वेड आपले काम साधून बाहेर पडतो आणि कथा पुन्हा किल्ल्यांकडे वळते. ती माणसे आतच राहतात. वाचकानेही तेथे थांबावे असे लेखकाला वाटत नाही, आणि ही कादंबरीची मोठी उणीव आहे.

याउलट मॅट डिनिमन यांच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या 'डन्जन क्रॉलर कार्ल' मालिकेत पहिल्याच पानांवर जगबुडी होते. छपराखाली असलेले सर्व काही एका क्षणात जमिनीत खेचले जाते आणि वाचलेल्यांना अठरा मजल्यांच्या भुयारात खेळ खेळावा लागतो. त्याचे प्रक्षेपण साऱ्या आकाशगंगेत होते. या युगान्तामागे देवाचा न्याय नाही. पृथ्वीवरील खनिजांवर परग्रहावरील कंपन्यांचा हक्क कागदोपत्री सिद्ध झालेला आहे, एवढेच कारण आहे. मालिका पुष्कळ रक्तरंजित आहे, पण भुयारातील ज्या पात्रांना इतर खेळाडू यंत्रवत समजतात, त्यांचे दुःख कार्लला दिसते आणि तो त्यासाठी झगडतो. अठराव्या अध्यायाच्या शेजारी ही मालिकाही शोभेल.

दुर्वा

'लेफ्ट बिहाइंड'वर संगणकीय खेळही निघाला होता ना? त्याचा येथे उल्लेख झाला नाही.

टेक्सासवासी

हो, २००६ मध्ये 'लेफ्ट बिहाइंड : इटर्नल फोर्सेस' आला. अदृश्य होण्याच्या घटनेनंतरच्या न्यूयॉर्कमध्ये खेळाडू श्रद्धावानांच्या गटाचे नेतृत्व करतो. रस्त्यावरील लोकांना आपल्या बाजूला वळवायचे, त्यांना शिक्षण देऊन प्रचारक, परिचारक किंवा सैनिक बनवायचे, आणि ख्रिस्तविरोधकाच्या फौजेला तोंड द्यायचे, असा तो डाव आहे. प्रत्येक माणसाच्या आत्मिक बळाचा एक आकडा असतो. हत्या केली की तो घटतो आणि प्रार्थनेची कळ दाबली की वाढतो. त्या काळी येथे या खेळावर मोठा वाद झाला. उदारमतवादी ख्रिस्ती संघटनांनी तो दुकानांतून काढून टाकण्याची मागणी केली.

निर्मात्यांची बाजू अशी होती की हिंसेला खेळात किंमत मोजावी लागते. ते खरेही आहे. परंतु पश्चात्ताप आकड्यात मोजला जाऊ लागला की त्याचे काय होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. हत्येनंतर कळ दाबून बळ परत मिळत असेल तर प्रार्थनेला इंधनाची जागा मिळते. माझ्या शेजारच्या आजींनी हा खेळ पाहिला असता तर त्यांना वेदना झाल्या असत्या, कारण त्यांची प्रार्थना अशी नव्हती.

वसईकर

टेक्सासवासी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. खाडीपलीकडे यांच्या प्रतिसादाने मला फार आनंद झाला, तरीही त्यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे.

प्रकटीकरण हा केवळ साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेवरचा निषेधग्रंथ म्हणून वाचला तर त्याचा गाभा हातातून निसटतो. पाचव्या अध्यायात देवाच्या हातातील ग्रंथाचे सात शिक्के फोडण्याचा अधिकार कोणाला आहे, असा प्रश्न येतो. योहानाला सिंह येईल असे सांगितले जाते, आणि तो वळून पाहतो तर तेथे वधलेल्यासारखा दिसणारा कोकरा, म्हणजे ख्रिस्त, उभा असतो. सारा ग्रंथ त्या एका दृश्यावर उभा आहे. जो जिंकतो तो मार खाऊन जिंकतो. एकविसाव्या अध्यायात देव माणसांच्या डोळ्यांतील अश्रू पुसतो. स्मुर्णाच्या गरीब मंडळीने हे वाचले तेव्हा रोमचा बाजार बंद पडेल या आशेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक आधार तिला या दृश्यांनी दिला असेल. आम्ही अंत्यविधीच्या वेळी हेच वचन वाचतो. ज्याने आपले माणूस गमावले आहे त्याला ते काय देते, हे अर्थव्यवस्थेच्या भाषेत सांगता येणार नाही.

'लेफ्ट बिहाइंड'च्या शेवटच्या भागांत ख्रिस्त युद्ध जिंकायला येतो तेव्हा त्याच्या नुसत्या शब्दांनी शत्रूंची शरीरे फाटतात. तेथे सिंहच आहे, कोकरा दिसत नाही. माझा आक्षेप तारखांपेक्षाही याला अधिक आहे.

खाडीपलीकडे

वसईकर, कोकऱ्याचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र यादीतल्या गुलामांना आणि वधलेल्या कोकऱ्याला वेगवेगळे वाचायचे कारण मला दिसत नाही. ज्या बाजारात माणसांचे जीव विकले जातात, त्याच सत्तेने त्याला मारलेले आहे. श्रद्धा असलेल्याला आणि नसलेल्याला हे दोन अध्याय एकत्र बसून वाचता येतील, आणि वाचनगटाला तेवढे पुरे आहे.

नगरची_लेक

या दोघांचे म्हणणे आमच्या पणजीला एकच वाटले असते. दुष्काळाने घरदार गेले तेव्हा धान्याचा भाव आणि देवाचे वचन यांची तिला सारखीच गरज होती.

सुहृद

मी शिक्षक आहे आणि शाळेतील मुलांना कथा वाचायला देतो, म्हणून क्रमाविषयी एक व्यवहारी सूचना करतो. गटात खेळ न खेळणारे ज्येष्ठ असतील तर त्यांना आकडे, पातळ्या आणि कौशल्यांच्या तक्त्यांनी भरलेली कादंबरी प्रथम देऊ नये. ते कंटाळून सोडून देतील. रेकी कावाहारा यांच्या 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'चा पहिला खंड मात्र कोणालाही वाचता येतो. दहा हजार खेळाडू एका नव्या जगात प्रवेश करतात आणि संध्याकाळ होता होता त्यांच्या लक्षात येते की पर्यायांच्या यादीतली खेळातून बाहेर पडण्याची कळच नाहीशी झाली आहे. मग आकाश लाल होते आणि निर्माता सर्वांना चौकात जमवून सांगतो की येथे मराल तर खरोखर मराल; शंभरावा मजला जिंकेपर्यंत सुटका नाही. त्यानंतर तो प्रत्येकाला आरसा देतो आणि घेतलेले सुंदर चेहरे गळून पडून प्रत्येकाचा खरा चेहरा उघडा पडतो. न्यायनिवाड्याच्या दिवसाची इतकी थेट प्रतिमा तरुण वाचकांसाठीच्या कथेत मिळेल, असे मला वाटले नव्हते. माझ्या विद्यार्थ्यांशी याच प्रसंगावर सर्वांत चांगली चर्चा झाली.

अक्षरयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटाशी बोलून पुढीलप्रमाणे ठरवत आहे.

ग्रंथपाल यांच्या सूचनेनुसार आरंभ मूळ प्रकटीकरणाने, 'सुबोध बायबल'मधून करू. दोन बैठकी त्यासाठी राखून ठेवू. पाचवा आणि अठरावा हे अध्याय मोठ्याने वाचू, आणि त्यांवर बोलण्याची विनंती गटातील ख्रिस्ती सदस्यांना आधी करू. त्यानंतर 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'चा पहिला खंड आणि रात्रपाळी यांनी सांगितलेली चित्रफीत. मग 'लेफ्ट बिहाइंड'चा पहिलाच भाग, रॉसिंग आणि फ्रिकहोम यांच्या निवडक प्रकरणांसह, म्हणजे पुस्तकावरील टीका आणि त्याच्या वाचकांविषयीचा आदर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर राहतील. 'रेडी प्लेयर वन' आणि 'फॉर द विन' लागोपाठ घेऊ आणि दोन्हींत मजूर कोठे आहेत हे विचारू. 'स्नो क्रॅश' शेवटी ठेवली आहे. नगरची_लेक यांनी त्या बैठकीला पाहुण्या म्हणून यावे आणि केडगावविषयी सांगावे, अशी विनंती आहे. 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' आणि 'डन्जन क्रॉलर कार्ल' ऐच्छिक राहतील.

एक अडचण आहे. ज्येष्ठांपैकी काहींना इंग्रजी कादंबरी सलग वाचणे जड जाते. 'फॉर द विन'मधील धारावीची प्रकरणे सुटी काढून वाचता येतील का?

खाडीपलीकडे

येतील, पण मालाची सर्व प्रकरणे एका ओळीत घ्या, मधली गाळू नका. ती आपल्यासारख्याच कष्टकरी खेळाडूंविरुद्ध उभी राहते आणि मग बाजू बदलते, हा प्रवास सलग वाचल्याखेरीज पटत नाही. मी त्या प्रकरणांचा मराठीत गोषवारा लिहून येथेच टाकतो.

नगरची_लेक

येते. तारीख कळवा.